नैसर्गिक भांडवलाचा ताळेबंद

शाश्वत विकासाच्या राष्ट्रीय निर्देशकांची घडण आणि ग्रामपंचायतीचे त्यातील स्थान

एखाद्या शेतकऱ्याने बियाण्यासाठी राखून ठेवलेले धान्य दळून खाल्ले, तर त्या उन्हाळ्यात त्याच्या घरी भाकरीची टंचाई भासत नाही. शेजाऱ्यापाजाऱ्यांना तर ते घर सुखवस्तूच वाटेल. खरी स्थिती उघड होते ती मृग नक्षत्र लागल्यानंतर. राष्ट्राच्या उत्पन्नाचा हिशेब ज्या पद्धतीने जगभर ठेवला गेला, त्या पद्धतीत खाण्याचे धान्य कोणते आणि बियाण्याचे कोणते, हा भेद पुरेसा केला जात नव्हता. जंगल तोडून लाकूड विकले की त्याची किंमत उत्पन्नात जमा होते. विहिरीतील पाणी उपसून ऊस पिकविला की उसाचे मूल्य जमा होते. विहिरी आटल्या म्हणून टँकर लावावे लागले, तर त्या टँकरच्या वाहतुकीचे मूल्यही उत्पन्नातच जमा होते! मात्र उजाड झालेला डोंगर आणि खोल गेलेले भूजल यांची वजावट त्या हिशेबात कोठेही दिसत नाही.

ही उणीव भरून काढण्यासाठी गेल्या चार दशकांत संयुक्त राष्ट्रसंघाच्या पातळीवर आणि आपल्या देशातही बरेच काम झाले आहे. त्यातून तयार झालेले निर्देशक आता ग्रामपंचायतीच्या दप्तरापर्यंत येऊन पोहोचले आहेत. ग्रामसेवक, शिक्षक, तलाठी आणि पंचायत सदस्य यांना या ना त्या नमुन्यात ही माहिती भरावी लागते. ती कशासाठी भरावयाची आणि तिचा खरा उपयोग कोणता, याचे विवेचन म्हणूनच अगत्याचे ठरते.

उत्पन्न आणि ठेव

स्थूल देशांतर्गत उत्पादन हे एका वर्षातील उत्पादनाचे माप आहे, संपत्तीचे नव्हे. राष्ट्रीय उत्पन्नाच्या मापनाचा पाया घालणारे अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ सायमन कुझनेट्स यांनी १९३४ साली आपल्या देशाच्या संसदेला सादर केलेल्या अहवालातच, या आकड्यावरून लोककल्याणाचा अंदाज बांधू नये, असा इशारा दिला होता. तो इशारा फारसा कोणी मनावर घेतला नाही. दोष मापाचा नाही. तापमापीने वजन करावयास गेल्यास तापमापीला बोल लावता येत नाही.

व्यापारी आपल्या ताळेबंदात यंत्रांचा आणि इमारतींचा घसारा दरवर्षी मांडतो. राष्ट्रीय हिशेबातही स्थूल उत्पादनातून असा घसारा वजा करून निव्वळ उत्पादन काढण्याची प्रथा आहे. परंतु हा घसारा मनुष्यनिर्मित भांडवलापुरताच मर्यादित राहिला. पाणी उपसण्याचा पंप झिजला तर घसारा मांडावयाचा आणि ज्या पाण्यासाठी तो बसविला ते पाणीच संपले तर मात्र काहीच मांडावयाचे नाही, अशी ही विचित्र स्थिती होती. जमीन, पाणी, वने, खनिजे, मासे, जैवविविधता यांच्या साठ्याला नैसर्गिक भांडवल असे म्हणतात. ते म्हटले की घसाऱ्याचा प्रश्न आपोआपच उपस्थित होतो.

या वजावटीने किती फरक पडतो, याचे एक उदाहरण बरेच गाजले. इंडोनेशियाची अर्थव्यवस्था १९७१ ते १९८४ या काळात दरसाल सुमारे ७ टक्क्यांनी वाढत असल्याचे अधिकृत आकडे सांगत होते. रॉबर्ट रेपेटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात केवळ खनिज तेल, लाकूड आणि शेतजमिनीची माती या तीन ठेवींची झीज वजा केली, तेव्हा हाच वेग ४ टक्क्यांच्या आसपास उतरला. उरलेली वाढ ही वाढ नव्हतीच. मुद्दलालाच हात घातला जात होता.

हिशेबाची आंतरराष्ट्रीय घडण

ब्रुंटलँड आयोगाने १९८७ साली शाश्वत विकासाची संकल्पना जगापुढे मांडली. आजच्या पिढीने आपल्या गरजा भागविताना पुढच्या पिढ्यांच्या गरजा भागविण्याची क्षमता हिरावून घेऊ नये, हे तिचे सार. १९९२ च्या रिओ परिषदेत स्वीकारलेल्या कार्यक्रमाच्या चाळिसाव्या प्रकरणात, असा विकास होत आहे की नाही हे पाहण्यासाठी प्रत्येक देशाने निर्देशक तयार करावेत, असे आवाहन करण्यात आले. त्यानंतर १९९३ मध्ये पर्यावरणीय-आर्थिक लेखांकनाची पहिली आंतरराष्ट्रीय पुस्तिका आली. २०१२ मध्ये तिच्या मध्यवर्ती आराखड्याला अधिकृत सांख्यिकीय मानकाचा दर्जा मिळाला, आणि २०२१ मध्ये परिसंस्थांच्या लेख्यांची पद्धतीही संयुक्त राष्ट्रसंघाच्या सांख्यिकी आयोगाने स्वीकारली.

याहून महत्त्वाचा बदल अगदी अलीकडचा आहे. राष्ट्रीय लेख्यांची जी पद्धती सर्व देश अनुसरतात, तिची नवी आवृत्ती सांख्यिकी आयोगाने मार्च २०२५ मध्ये स्वीकारली. तीत नैसर्गिक साधनसंपत्तीचा क्षय हा उत्पादनाचा खर्च मानून निव्वळ उत्पादनातून वजा करावा, अशी तरतूद आहे. घसाऱ्याच्या स्तंभात निसर्गाला जागा मिळाली, ती अशी. अर्थात ही तरतूद प्रत्यक्ष आकड्यांत उतरण्यास प्रत्येक देशाला काही वर्षे लागतील.

भारतातील प्रयत्न

आपल्याकडे केंद्रीय सांख्यिकी संघटनेने पर्यावरणविषयक आकडेवारीचे संकलन १९९७ पासून प्रसिद्ध करावयास आरंभ केला. २०११ मध्ये केंद्र सरकारने प्रा. पार्थ दासगुप्ता यांच्या अध्यक्षतेखाली एक तज्ज्ञ गट नेमला. या गटाने २०१३ साली हरित राष्ट्रीय लेख्यांचा आराखडा सादर केला. केवळ उत्पन्नाच्या आकड्यात दुरुस्ती करून भागणार नाही, तर देशाच्या एकूण संपत्तीचे, म्हणजे उत्पादित भांडवल, मानवी भांडवल आणि नैसर्गिक भांडवल या तिन्हींचे मापन झाले पाहिजे, ही त्या विचाराची दिशा. दरडोई संपत्ती घटत असेल, तर उत्पन्न वाढत असूनही तो विकास टिकणारा नव्हे, एवढे सोपे हे सूत्र आहे. सोपे सांगण्यास, मोजण्यास नव्हे.

२०१८ पासून राष्ट्रीय सांख्यिकी यंत्रणेने ‘एन्व्हिस्टॅट्स इंडिया’ या प्रकाशनातून जमीन, वने, पाणी आणि खनिजे यांचे लेखे मांडण्यास सुरुवात केली. दुसरीकडे, संयुक्त राष्ट्रसंघाने २०१५ मध्ये स्वीकारलेल्या १७ शाश्वत विकास ध्येयांच्या व १६९ लक्ष्यांच्या अनुषंगाने ३०६ निर्देशकांचा राष्ट्रीय निर्देशक आराखडा तयार करण्यात आला. त्यात पुढे वेळोवेळी फेरबदल झाले. नीती आयोगाने २०१८ पासून राज्यांची तुलना करणारा निर्देशांकही प्रसिद्ध केला. त्यात देशाचे गुण २०१८ मध्ये १०० पैकी ५७ होते, ते २०२३-२४ च्या आवृत्तीत ७१ झाले.

येथे एक सावधगिरीची सूचना करणे आवश्यक आहे. अशा संमिश्र निर्देशांकात अनेक गोष्टींची सरासरी काढलेली असते. वीजजोडण्या वाढल्या, शाळांतील पटसंख्या वाढली आणि भूजल घटले, तरी सरासरी वरच जाते. परंतु आटलेल्या विहिरीची भरपाई विजेच्या खांबाने होत नाही. काही ठेवी एकमेकींच्या बदली चालतात, काही चालत नाहीत. पाणी, माती आणि बियाणे या दुसऱ्या वर्गातील होत. म्हणून एकत्रित गुण पाहून समाधान मानण्यापूर्वी त्यामागील एकेक आकडा निराळा वाचण्याची सवय अधिकाऱ्यांनी ठेवावी, हे बरे.

एका गावाचे पाणी

नैसर्गिक भांडवलाचा लेखा म्हणजे काय, हे समजून घेण्यास महाराष्ट्रात भूजलाइतके दुसरे चांगले उदाहरण नाही. राज्याचा सुमारे चार पंचमांश भूभाग बेसाल्ट खडकाचा, म्हणजे आपल्या ओळखीच्या काळ्या पाषाणाचा आहे. या खडकात पाणी साठते ते भेगांत आणि वरच्या मुरमाड थरात. तेथील साठवणक्षमता बेताचीच. खडकाच्या आकारमानाच्या साधारणतः १ ते ३ टक्के. गंगेच्या खोऱ्यातील गाळाच्या थरांशी तिची तुलनाच होऊ शकत नाही.

उदाहरणादाखल १,००० हेक्टर क्षेत्राचे एक गाव घेऊ. साठवणक्षमता २ टक्के धरू. पावसाळ्यात विहिरींची पातळी ४ मीटरने वर आली. १,००० हेक्टर म्हणजे १ कोटी चौरस मीटर. त्याला ४ मीटरने आणि २ टक्क्यांनी गुणले असता ८ लाख घनमीटर पाणी जमा झाले, असे निघते. आता ऑक्टोबरपासून मे अखेरपर्यंत पातळी ५ मीटरने खाली गेली. यातील काही पाणी ओढ्या-नाल्यांवाटे वाहून जाते हे खरे. पण बहुतेक उपसा रब्बी आणि बागायतीसाठीच होतो. एकूण खर्च १० लाख घनमीटर. जमा ८ लाख, खर्च १० लाख; म्हणजे अखेरची शिल्लक सुरुवातीच्या शिलकेपेक्षा २ लाख घनमीटरने कमी.

हे २ लाख घनमीटर म्हणजे २० कोटी लिटर. गावाची लोकसंख्या २,००० आणि दरडोई दररोज ५५ लिटर हे जल जीवन मिशनचे प्रमाण धरल्यास गावाला वर्षभरात पिण्याच्या व घरगुती वापरासाठी सुमारे ४ कोटी लिटर पाणी लागते. म्हणजे एका हंगामातील तुटीत त्या गावाचे पाच वर्षांचे पिण्याचे पाणी गेले. तेच पाणी १० हजार लिटरच्या टँकरने आणावयाचे म्हटल्यास २० हजार खेपा होतील. आणि त्या वर्षीच्या उत्पन्नाच्या आकड्यांत मात्र हे गाव भरभराटीचे दिसेल, कारण बागायतीचे क्षेत्र वाढलेले असते!

भूजलाची सरकारी वर्गवारी वाचतानाही साठा आणि आवक यांतील हा फरक ध्यानात ठेवावा लागतो. वर्षाकाठी उपलब्ध होणाऱ्या भूजलाच्या ७० टक्क्यांपर्यंत उपसा असेल तर ते क्षेत्र सुरक्षित, ७० ते ९० टक्के असेल तर अंशतः शोषित, ९० ते १०० टक्के असेल तर शोषित आणि त्यापुढे अतिशोषित, अशी ही वर्गवारी आहे. ती मुख्यतः दरवर्षी भरणाऱ्या वरच्या थरातील पाण्यापुरती आहे. दोनशे-तीनशे फूट खोल विंधन विहिरींतून जे पाणी येते, ते पुष्कळदा कित्येक वर्षांची साठवण असते. ती एकदा रिकामी झाली म्हणजे एका पावसाळ्यात भरत नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर विंधन विहिरींनी हजारो गावांची तहान भागविली, हे विसरता येणार नाही. परंतु तहानेसाठी काढलेली वाट पुढे बागायतीचा राजमार्ग झाली, हेही तितकेच खरे.

अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावाने हा हिशेब आपणहून स्वीकारला. पावसाचे मान पाहून दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडावयाचा, आधी माणसांच्या व जनावरांच्या पिण्याचे पाणी राखावयाचे आणि उरलेल्या पाण्यावर रब्बीचे क्षेत्र ठरवावयाचे, अशी तेथील पद्धत. शेतीसाठी विंधन विहिरी न घेण्याचे आणि ऊस-केळीसारखी पिके टाळण्याचे निर्बंधही ग्रामसभेनेच घातले. श्री. पोपटराव पवार यांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली, ती या कार्याबद्दल. २०१९ मध्ये सुरू झालेल्या अटल भूजल योजनेत महाराष्ट्रासह सात राज्यांतील निवडक ग्रामपंचायतींसाठी अशाच स्वरूपाच्या पाण्याच्या अंदाजपत्रकाचा समावेश करण्यात आला.

वन कशाला म्हणावे?

व्याख्या बदलली की आकडा बदलतो. वनांच्या बाबतीत याचा प्रत्यय विशेष येतो. महाराष्ट्रात कायदेशीर नोंदीनुसार सुमारे ६२ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे राज्याच्या एक पंचमांश भूभाग वनक्षेत्र आहे. भारतीय वन सर्वेक्षण संस्थेच्या २०२१ च्या अहवालात मात्र राज्याचे वनाच्छादन ५०,७९८ चौरस किलोमीटर, म्हणजे १६.५१ टक्के दिले आहे. या दोन आकड्यांत विसंगती नाही. पहिला आकडा जमिनीच्या कायदेशीर दर्जाचा आहे; दुसरा उपग्रहावरून दिसणाऱ्या झाडोऱ्याचा. एक हेक्टर वा अधिक सलग जमिनीवर झाडांच्या छत्राने किमान १० टक्के भाग झाकला असल्यास ती जमीन वनाच्छादित समजली जाते, मग मालकी कोणाचीही असो आणि झाडे कोणतीही असोत. कोकणातील आंबा-काजूची बाग यात मोडू शकते आणि सह्याद्रीच्या माथ्यावरील जुने सदाहरित रानही. दोहोंची सावली उपग्रहाला दिसते. त्यांतील पशुपक्षी, झरे आणि औषधी वनस्पती दिसत नाहीत. म्हणूनच नव्या परिसंस्था-लेख्यांत क्षेत्रफळाबरोबर त्या परिसंस्थेची स्थिती आणि तिच्यापासून मिळणाऱ्या सेवा यांचीही नोंद स्वतंत्रपणे करावी, असा आग्रह आहे.

गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाले आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेकडे आला. बांबूची विक्री हे उत्पन्न. बांबूची बेटे ही ठेव. यंदा किती कापावयाचे आणि किती राखावयाचे, हे ठरवावयाचे म्हटले की आपल्या वनाचा साठ्याचा लेखा ठेवल्यावाचून गत्यंतर नाही. ज्याच्या हाती ठेव आहे त्यालाच तिची मोजदाद करण्याची निकड वाटते, असा माझा समज आहे.

वनाची किंमत रुपयांत मांडावी काय, हा प्रश्न वारंवार विचारला जातो. लाकूड, बांबू, तेंदूपाने यांना बाजारभाव आहे. पाणी धरून ठेवण्याची डोंगराची क्षमता आणि गावाने पिढ्यान् पिढ्या राखलेली देवराई यांना तो नाही. तज्ज्ञांनी अप्रत्यक्ष मूल्यमापनाच्या रीती शोधल्या असल्या तरी एका रीतीचे उत्तर दुसरीशी जुळेलच असे नाही. माझ्या मते प्रथम हेक्टर, घनमीटर आणि टन यांतील लेखा पक्का व्हावा. रुपये मागाहून लिहिता येतील.

निर्देशक किती असावेत?

कॅनडाच्या अर्थमंत्र्यांनी २००० सालच्या अंदाजपत्रकात पर्यावरण आणि अर्थव्यवस्था यांचा मेळ घालणाऱ्या आपल्या राष्ट्रीय मंडळाकडे असे निर्देशक सुचविण्याचे काम सोपविले. या मंडळाने तीन वर्षे विचारविनिमय करून २००३ मध्ये अवघे सहा निर्देशक सुचविले : वनाच्छादन, गोड्या पाण्याची गुणवत्ता, हवेची गुणवत्ता, हरितगृह वायूंचे उत्सर्जन, पाणथळ जागांचे क्षेत्र आणि लोकांचे शिक्षण. सहावा निर्देशक मानवी भांडवलाचा. उरलेले नैसर्गिक भांडवलाचे. संसद सदस्याला आणि सामान्य नागरिकाला ते एका बैठकीत समजावेत, हा हेतू. (ते मंडळ पुढे २०१३ मध्ये बंद करण्यात आले, निर्देशक सुचविणारी संस्था टिकेलच, याची शाश्वती कोणत्याही देशात नसते.)

आपल्याकडे ओढा नेमका उलट आहे. केंद्रीय पंचायत राज मंत्रालयाने शाश्वत विकास ध्येयांचे स्थानिकीकरण नऊ संकल्पनांत केले. जलसमृद्ध गाव आणि स्वच्छ व हरित गाव या त्यांपैकी दोन. त्यांवर आधारलेल्या पंचायत प्रगती निर्देशांकात २०२२-२३ या वर्षासाठी ४३५ स्थानिक निर्देशक होते. २०२२-२३ या वर्षासाठीचे पहिले निष्कर्ष एप्रिल २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. सव्वादोन लाखांच्या आसपास ग्रामपंचायतींची माहिती तपासण्यात आली, त्यांत सर्वोच्च श्रेणी एकाही पंचायतीला मिळाली नाही. आकडे फुगविण्याचा मोह किती असतो हे जाणणाऱ्यांना हा निकाल उलट दिलासा देणारा वाटावा.

तथापि, असे अनेक रकाने भरणारा हात बहुधा एकच असतो आणि त्याच हाताला घरपट्टीच्या पावत्याही फाडावयाच्या असतात. अशा वेळी जे सहज मोजता येते तेच मोजले जाण्याची भीती असते. जुलैत लावलेल्या रोपांची संख्या सहज मिळते. तीन उन्हाळे काढून जगलेल्या झाडांची मिळत नाही. बांधलेल्या बंधाऱ्यांची संख्या मिळते. त्यांतील गाळ कोणी मोजत नाही. पहिली संख्या खर्चाची आहे, दुसरी ठेवीची. इस्रोच्या अहमदाबाद येथील केंद्राने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नकाशासंग्रहानुसार महाराष्ट्राच्या सुमारे ४५ टक्के भूभागावर जमिनीची अवनती झालेली आहे. इतक्या वर्षांच्या मृदसंधारणाच्या कामांची यादी समोर असताना हा आकडा वाचला, म्हणजे कामांची संख्या आणि जमिनीची स्थिती या दोन निरनिराळ्या बाबी आहेत, हे पटते.

पंचायतीचे दप्तर

नैसर्गिक भांडवलाच्या लेख्याची बरीचशी साधने गावपातळीवर पूर्वीपासून आहेत. गाव नमुना १-अ मध्ये वनजमिनींची नोंद असते, नमुना १४ मध्ये पाणीपुरवठ्याच्या साधनांची. सातबाऱ्यावरील पिकांची नोंद २०२१ पासून ई-पीक पाहणीद्वारे शेतकरी स्वतः करू शकतो. जैवविविधता अधिनियम, २००२ अन्वये स्थापन झालेल्या स्थानिक समितीने लोक जैवविविधता नोंदवही तयार करावयाची असते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा १९७२ पासून राज्यात कार्यरत असून तिच्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून अनेकदा मोजली जाते. उणीव आहे ती या नोंदी एकत्र वाचण्याची. नमुना १४ तलाठ्याकडे, जैवविविधता नोंदवही पंचायतीच्या कपाटात आणि विहिरीची पातळी जिल्ह्याच्या कार्यालयात, अशी त्यांची ताटातूट झालेली असते.

शाळांना या कामी पुष्कळ करता येण्यासारखे आहे. पाचवी-सहावीच्या विद्यार्थ्यांना गावातील चार-पाच विहिरींची पातळी दोरी व मोजपट्टीच्या साहाय्याने मोठ्या माणसांच्या देखरेखीखाली मोजता येते, आणि वर दिलेला गुणाकार त्यांच्या गणिताच्या आवाक्यातीलच आहे. शाळेच्या आवारात पर्जन्यमापक असल्यास पावसाची रोजची नोंदही तेथेच होते. पावसाळ्यानंतरची मोजणी ऑक्टोबरमध्ये होते, रब्बीची पेरणी तिच्या पाठोपाठ. या दोहोंमधील दिवसांत भरणाऱ्या ग्रामसभेपुढे जमा, खर्च आणि शिल्लक असे तीन आकडे फळ्यावर लिहून ठेवले, तर कोणत्या शिवारात गहू आणि कोणत्या शिवारात हरभरा, याची चर्चा त्या आकड्यांवरून करता येईल.